दर्यानाथांचा कौल

(न्यूझीलंडमधलं लोअर हट. जुलै २०१३, ऐन थंडीतली रविवारची संध्याकाळ. नुकताच मोठा भूकंप होऊन गेलाय. आजी, सून मृदुला आणि नात ओवी जेवणाच्या टेबलाखाली.)

मृदुला: ओवी, डोकं आत घे. आई, तुमचे पाय बाहेर आहेत.

आजी: पाय आत घेतले की डोकं बाहेर जातं. हे टेबल घेतलंत तेव्हाच म्हटलं होतं मी विवेकला, जरा ऐसपैस घे म्हणून.

ओवी: आजी, टेबल जेवायला घेतलं होतं.

आजी: तेच तर म्हणत्ये! उद्या गुरुपौर्णिमेला वीस-पंचवीस पानं उठायची, ती काय या पाटावर?

मृदुला: थांबलं वाटतं. नाही, नाही, आलं परत. टेबलाचा पाय धरा आई, माझा नको.

ओवी: आफ्टरशॉक आहे. चिल, मम्मा. शाळेत खूप वेळा केलंय हे आम्ही.

आजी: विवेक कुठे आहे?

मृदुला: ऑफिसातच आहे. आताच मेसेज आला, ठीक आहे म्हणून. सकाळच्या धक्क्यानंतरच सगळ्या इंजिनिअरांना बिल्डिंगा तपासायला बोलावलंय, यायला वेळ लागेल.

आजी: आणि महाराज?

मृदुला: महाराजांचं काय?

आजी: काचेचा आवाज नाही आला तुम्हाला? हॉलातून आला. मृदुला, महाराज पडले गो.

मृदुला: फुलदाणी पडली असेल.

आजी: फुलदाणीचा आवाज निराळा. पंचावन्न वर्षं पुसत्ये ती काच. मला तिचा आवाज कळत नाही होय?

ओवी: मी बघून येते.

मृदुला: अनवाणी जाऊ नकोस, काचा असतील. जँडल्स घाल.

आजी: पायात चपला घालून महाराजांपुढे जायचं?

मृदुला: आजच्या दिवस चालवून घेतील महाराज. जा गं तू.

ओवी: मम्मा! तसबीरच पडलीय. खिळा बाहेर आला.

मृदुला: मी सांगत होते विवेकला, जिबच्या पोकळ भिंतीत नुसता खिळा टिकत नाही. स्वतः इंजिनिअर, आणि घरातली तसबीर धड लावता येत नाही.

ओवी: काच गेली. मागचा पुठ्ठा पण निघालाय. आणि... मम्मा, आत अजून एक फोटो आहे.

आजी: कसला फोटो?

ओवी: महाराजांच्या मागे, पुठ्ठ्यात. छोटा आहे, जाड कार्डाचा. मम्मा, तू ये ना. आत्ता ये.

आजी: मला आधी बाहेर काढा कुणीतरी.

मृदुला: काचा गोळा करेपर्यंत तुम्ही तिथेच बसा आई. चष्मा कुठाय तुमचा?

आजी: टेबलावर होता. आता कुठे असेल ते त्या टेबलालाच ठाऊक.

मृदुला: बसा हं. आलेच. काय गं ओवी? दाखव. अगं बाई!

ओवी: सेम फेस आहे ना?

मृदुला: हळू बोल.

ओवी: सेम फेस, सेम दाढी. पण ड्रेस बघ. फ्रॉक आहे, मम्मा. पायापर्यंत, लेसचा. हातात पंखा आहे.

मृदुला: ओवी, हळू!

ओवी: खाली छापलंय बघ. मिस ऑगस्टा मर्ल, द बिअर्डेड लेडी.

आजी: कोण लेडी?

मृदुला: काही नाही आई! जुना कागद आहे. फ्रेमवाल्याचा.

आजी: मृदुला, मी टेबलाखाली आहे, बहिरी नाही झाले.

ओवी: मम्मा, सांगायलाच पाहिजे तिला.

मृदुला: उद्या पूजा आहे. घरात माणसं यायचीत. तिनं सकाळपासून फुलवाती... नको गं. आज नको.

आजी: चष्मा सापडला! मँडरिन संत्र्यांच्या टोपलीत पडला होता. आणि मी आपली आपण बाहेरही आले, कुणाची वाट न बघता. आण तो कागद इकडे.

मृदुला: आई, आधी खुर्चीवर बसा. पाणी घेता का?

आजी: पाणी कशास? विवेकला काही झालेलं नाही ना? शपथ घे.

मृदुला: नाही हो, विवेक ठणठणीत आहे. हे वेगळंच आहे. घ्या. बघा.

आजी: हे... हे महाराजच. तेच डोळे. तीच दाढी, छातीपर्यंत. पण यांनी झगा कशास घातलाय?

ओवी: आजी, ती बाई आहे.

आजी: छट्. सखीभाव असेल. काही साधू असतात तसे, देवासाठी बाईमाणसाचा वेष घेतात. नाही का गो मृदुला?

मृदुला: असतात. पण आई, खाली इंग्रजीत छापलंय ना. दाढीवाली बाई.

आजी: इंग्रजांना काय कळतंय साधूतलं.

ओवी: थांब, दोन्ही फोटो शेजारी ठेवते. हे बघ. मोठ्या फोटोत खांद्यामागे ते लोंबतंय ना?

आजी: ती घंटा. मठातली.

ओवी: छोट्यात बघ. कर्टनचा गोंडा आहे तो.

आजी: असेल. घंटाही असेल, गोंडाही असेल.

ओवी: आणि कानात?

आजी: कुंडलं आहेत. नाथपंथी होते महाराज. म्हणून तर दर्यानाथ. दर्यापार गेलेले नाथ.

ओवी: आजी, इअरिंग्ज आहेत. गळ्यात लॉकेट पण आहे, मोठ्या फोटोत ते शालीखाली गेलंय.

आजी: ती शाल...

मृदुला: काय झालं?

आजी: शाल कोल्हापूरला रंगवली. सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय मी. अनंतकाकांनी आणलेला फोटो लहान होता, तेव्हा कोल्हापूरच्या पेंटरकडून मोठा करून घेतला, वर भगवी शाल आणि कपाळाला गंध काढून आणलं. खालचं सगळं कापलं गेलं असणार.

मृदुला: म्हणजे पेंटरनं बाईचे महाराज केले?

आजी: मेल्यानं विचारलंही नाही कुणाला!

ओवी: हे अनंतकाका कोण?

आजी: तुझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ. बोटीवर होते, कोळसेवाल्यांवर मुकादम. सगळं जग बघितलेला माणूस. शेवटचे घरी आले ते तापानं फणफणलेले. उशाशी हाच फोटो. दिवसरात्र त्याच्याकडे बघायचे म्हणे, आणि त्यातच गेले. घरच्यांनी धरलं, यांनी परमुलखात गुरू केला. दुसऱ्या वर्षी आमच्या आंब्याला कधी नव्हे तो मोहोर आला. झालं! महाराज देवघरात बसले.

ओवी: त्यांचं लग्न झालेलं?

आजी: नाही केलं त्यांनी. मुली सांगून येत होत्या, नको म्हणाले.

ओवी: ओ माय गॉड. क्रश होता त्यांचा.

मृदुला: ओवी!

ओवी: मग? कोण दिवसरात्र बघतं फोटोकडे?

आजी: असेलही बाई. नसेलही. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय. मागे काय लिहिलंय ते वाच, बारीक आहे, मला दिसत नाही. आणि मराठीत सांग.

ओवी: ट्राय करते. ‘मिस ऑगस्टा मर्ल, बॉर्न इन वायरारापा.’

मृदुला: वायरारापा? म्हणजे इथलीच? या डोंगरापलीकडची?

ओवी: हो! रिमुटाकाच्या पलीकडची. पुढे ऐक. ती नऊ वर्षांची असताना दाढी यायला लागली. तिला पियानो येतो, तीन भाषा येतात. तिनं चार खंडांत शो केलेत. आणि... ‘शी सपोर्ट्स हर मदर अँड टू ब्रदर्स’... म्हणजे आईला आणि दोन भावांना ती स्वतःच्या कमाईवर सांभाळते.

आजी: हे फोटोवर कशास छापायचं?

ओवी: फोनवर बघितलं आता मी. जत्रेसारखे शो असायचे इथे. खूप उंच माणूस, खूप बुटका, दाढीवाली बाई. तिकीट काढून लोक बघायला यायचे. शो संपला की ते लोक स्वतःचे फोटो विकायचे, आठवण म्हणून. मागे अशी स्टोरी छापलेली असायची. पण लिहिलंय की पुष्कळ वेळा ती स्टोरी खोटी असायची. लोकांना आवडेल असं काहीतरी बनवायचे.

आजी: म्हणजे पियानो खोटा असेल?

ओवी: असेल. वायरारापा पण खोटं असेल.

आजी: आणि दाढी?

ओवी: ती पण कधीकधी खोटी असायची.

आजी: मग खरं काय आहे या घरात? मला एक तरी गोष्ट खरी सांगा!

मृदुला: आई, शांत व्हा. रडू नका.

आजी: रडत नाहीये मी. कसं रडायचं तेच कळत नाहीये. महाराज गेले म्हणून रडू की बाई आली म्हणून? आम्ही आरत्या म्हटल्या गो! मामंजींनी स्वतः रचलेली आरती. ‘जय जय दर्यानाथा, जटादाढी विशाळा.’ दर गुरुपौर्णिमेला सारी आळी टाळ घेऊन जमायची. बाईच्या दाढीची आरती केली आम्ही!

ओवी: आय मीन, दाढी विशाल आहेच.

मृदुला: ओवी, तू गप्प बस. आई, हसताय की काय तुम्ही?

आजी: माहीत नाही. मामंजी डोळे मिटून म्हणायचे, विशाळा... विशाळा... आणि हा गोंडा! या गोंड्याला घंटा समजून नमस्कार... अगो, पोटात दुखायला लागलं माझ्या.

मृदुला: ओवी, पाणी आण.

आजी: आणि कालचा कौल?

मृदुला: ते आता नको ना आई.

ओवी: कसला कौल? काल मी नेटबॉलला होते.

मृदुला: अगं, आजीनं इथे कायमचं राहायचं की रत्नागिरीला परत जायचं, ते ठरत नव्हतं ना? बाबा महिनाभर मागे लागलाय, ब्लॉक विकून टाकू, तिथे एकटी किती दिवस राहणार. आजी म्हणाली, महाराजांना विचारते. मग काल बागेतल्या कॅमेलियाच्या दोन पाकळ्या भिजवून काचेवर लावल्या, महाराजांच्या दोन खांद्यांवर. उजवी आधी पडली तर होय, राहा. डावी पडली तर नाही.

ओवी: आणि?

आजी: उजवी पडली. मी विवेकला म्हटलं, महाराजांनी सांगितलं, राहते. उद्या सकाळी तो एजंटला होकार कळवणार आहे. रत्नागिरीत गिऱ्हाईक पेन हातात घेऊन बसलंय.

ओवी: वेट. उजवी म्हणजे त्या साइडची? जिथे हीटपंप आहे?

मृदुला: ओवी...

ओवी: मम्मा, हीटपंप चालू होता ना काल? वारा डायरेक्ट तिकडूनच येतो. पाकळी वाळली आणि पडली.

आजी: म्हणजे मला काल हीटपंपानं सांगितलं, इथे राहा म्हणून?

मृदुला: तसं नाही हो आई. थंडी होती, तुम्हीच म्हणालात लाव, म्हणून लावला. मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तुमचा चेहरा बघून बोलवेना. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. तुम्ही राहणार म्हणून.

आजी: काल सांगितलं राहा. आज जमीन हलवून खाली उडी मारली. बरं, उडी मारणारे महाराज नव्हेतच. मग सांगितलं कुणी, आणि पडलं कोण?

मृदुला: असा विचार करून डोकं दुखेल फक्त.

आजी: दुखतंयच. ओवे, तो फोटो परत दे. उजेडात धरत्ये.

ओवी: घे. काय बघतेस?

आजी: हिनं काढली का नाही गो कधी?

ओवी: काय?

आजी: दाढी. चिमट्यानं. दोऱ्यानं. लपवली का नाही?

मृदुला: ओवी, तू जरा किचनमध्ये काय पडलंय ते...

आजी: राहू दे तिला. पंधरा वर्षांची घोडी झाली आहे. तिच्याही वाट्याला येईल एखादे वेळी, रक्तात असतं. चाळिशीत सुरू झाले मला, ओवे. इथे, हनुवटीवर. काळे, राठ केस. रोज पहाटे कुणी उठायच्या आधी मोरीत जायचं, खिडकीच्या उजेडात एकेक उपटायचा. तुझ्या आजोबांनाही कधी कळू दिलं नाही.

ओवी: एव्हर?

आजी: कधीच. हनुवटीवर पदर धरून हसायची मी, लोकांना वाटायचं केवढी सोज्वळ. मग आंघोळ करून महाराजांपुढे बसायचं. म्हणायचं, एवढं माझं घालवा. तुम्हाला शोभतं, मला नाही शोभत. आणि लाज वाटायची, परपुरुषापाशी काय हे मागत्ये म्हणून.

मृदुला: आई...

आजी: आणि समोर कोण बसलेली? ही! ही मेली पंखा घेऊन मजेत बसलेली. माझ्याकडे बघत.

मृदुला: मला माहीत होतं आई.

आजी: काय माहीत होतं?

मृदुला: चिमट्याचं. फार्मसीत काम करते मी, रोज कुणीतरी विचारायला येतंच, हळूच, काउंटरवर वाकून. तुमचा चिमटा मागच्या महिन्यात हरवला होता ना? बाथरूमच्या खणात नवा ठेवला तो मी.

आजी: तो तू ठेवलास? मला वाटलं, इथल्या घरांत असतो प्रत्येक खणात.

मृदुला: म्हटलं, विचारलं तर उगीच अवघडाल.

आजी: अवघडले असते. चांगलं केलंस. पण सांगितलं असतंस तरी चाललं असतं गो. पस्तीस वर्षं एकटीनं उपटत्ये मी.

ओवी: आजी, इट्स ओके. रिअली. आमच्या क्लासमध्ये पण दोघीतिघींना आहेत. एकजण तर काढतच नाही.

आजी: काढत नाही? आणि शाळेत येते?

ओवी: हो. डिबेटिंगची कॅप्टन आहे.

आजी: अस्सं. ते शेवटचं वाक्य परत वाच बघू. आईचं.

ओवी: आईला आणि दोन भावांना स्वतःच्या कमाईवर सांभाळते.

आजी: हे खोटं नसणार. पियानो खोटा असू दे. पोट पाठीला लागल्याशिवाय कुणी बाई चारचौघांत अशी बसत नाही. स्वतःच्या कमाईवर. मृदुला, मला नोकरी लागली होती, ठाऊक आहे तुला?

मृदुला: तुम्हाला? कधी?

आजी: लग्नानंतर वर्षानं. ट्रेनिंग कॉलेज केलेलं होतं मी. मुलींच्या शाळेत गणिताला बाई हव्या होत्या, हेडबाई स्वतः घरी आल्या विचारायला. यांची हरकत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, महाराजांना विचारू. डावा आला.

मृदुला: आणि तुम्ही नाही म्हणालात?

आजी: महाराज नको म्हणाले, मग माझी काय टाप होती? हेडबाई पायऱ्या उतरून गेल्या. फाटकाला कडी घालायलाही मीच गेले.

ओवी: पण पाकळ्या कोणी लावलेल्या?

आजी: सासूबाईंनी.

ओवी: तू बघितलंस लावताना?

आजी: पाहिलं की. उजवी निथळेपर्यंत भिजवली. डावीला नुसतं बोट ओलं करून लावलं.

मृदुला: अहो आई!

आजी: पाहिलं गो मी! कळलंही होतं. पण मनात म्हटलं, महाराजांच्या मनात असेल तर कोरडीसुद्धा चिकटून राहील. एवढा विश्वास होता माझा. आणि एवढी वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आज तुम्हाला सांगत्ये.

मृदुला: मला इतका राग येतोय, पण कुणाचा करू?

आजी: मला तर तोही येत नाहीये धड. सासूबाईंचा करू, तर त्या गेल्या. पेंटरचा करू, तर त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. आणि हिचा कसा करू? या बाईनं मला सांगितलं असेल, नोकरी करू नको? ही बोटीत बसून चार खंड फिरलेली! शक्य आहे का? हिचं नाव घेऊन मला घरात बसवली गो. हिलाही विचारलं नाही आणि मलाही.

ओवी: आजी, टिश्यू घे.

आजी: दे. आता येतंय रडू. आता कळलं कशाचं ते.

मृदुला: रडा. मी आहे इथे.

आजी: भीती वाटत्ये मला, मृदुला. लग्नापासून सगळं विचारून केलं. विवेकला इंजिनिअरिंगला घालायचं, विचारलं. हे गेल्यावर ब्लॉकमध्ये एकटी राहू का, विचारलं. आता मला सांगणार कोण?

मृदुला: तुम्हाला काय हवंय?

आजी: म्हणजे?

मृदुला: म्हणजे महाराज नाहीत, विवेक नाही, मी नाही. तुम्हाला काय हवंय, आई?

आजी: हे कुणी विचारलेलंच नाही मला कधी. उत्तर कुठे ठेवलंय तेच सापडत नाहीये.

ओवी: टेक युअर टाइम.

आजी: आधी तू सांग मृदुला. मी राहावं असं तुला वाटतं?

मृदुला: वाटतं. आणि त्यात माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. दमून घरी येते तेव्हा दिवा लागलेला असतो, कुकरची शिट्टी ऐकू येते. ओवी तुमच्याशी मराठी बोलते, नाहीतर आमच्याशी नुसतं ‘येस, नो’. तुम्ही गेलात तर घर खायला उठेल मला.

आजी: मलाही तुम्ही हव्या आहात गो. पण इथे दुपारी मी काय करत्ये, सांगू? तुम्ही गेलात की खिडकीत बसून समोरच्या घरापुढचे कचऱ्याचे डबे मोजत्ये. हिरवा, लाल, परत हिरवा. तिथे संध्याकाळी जिन्यातली पोरं येतात माझ्याकडे. शेजारच्या कांचनचा नातू, वरच्या मजल्यावरच्या दोघी. गणित घेत्ये मी त्यांचं.

मृदुला: हे कधी बोलला नाहीत!

आजी: त्यात बोलायचं काय? फुकटच घेत्ये, शिकवणी थोडीच आहे. पण अपूर्णांक मी सांगितले की पोराला झोपेत विचारा, चुकणार नाही. कांचनचा परवा फोन आला होता. म्हणाली, पोरगं विचारतंय, आजी कधी येणार.

ओवी: आजी, तुला माहितेय तुला काय हवंय. तू आत्ताच सांगितलंस.

आजी: सांगितलं का?

मृदुला: सांगितलंत.

आजी: मग मृदुला, फोन लाव विवेकला.

मृदुला: तो आता कुठल्यातरी बिल्डिंगच्या जिन्यात असेल.

आजी: असू दे जिन्यात. नाही उचलला तर मेसेज टाक. लिही, ब्लॉक विकायचा नाही. आई म्हणाली.

मृदुला: तो विचारेल, महाराजांनी उजवा दिला होता ना?

आजी: लिही, महाराजांचा यात काही संबंध नाही. आई म्हणाली, एवढंच लिही. आणि दसऱ्याच्या आधीचं तिकीट काढ म्हणावं. इथला उन्हाळा आला की येईन मी परत. दोन महिने, तीन महिने, माझ्या मनाला येईल तितके. पण माझ्या घराला कुलूप घालून येईन, विकून नाही.

मृदुला: लिहिते.

आजी: रागावलीस?

मृदुला: नाही. वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय. मला स्वतःलाच नीट कळत नाहीये. ‘आई म्हणाली’ असं पहिल्यांदाच टाइप करतेय मी.

आजी: पाठवलंस?

मृदुला: पाठवलं.

ओवी: परत हललं! आजी, टेबलाखाली!

आजी: मी नाही आता खाली शिरत. या खुर्चीतच धरून ठेवा मला. तो फोटो सांभाळ, पडेल.

ओवी: धरलाय. थांबलं बघ, छोटाच होता. याचं काय करायचं आता? फुटलेली फ्रेम पूजेत ठेवत नाहीत ना?

आजी: भंगलेली तसबीर विसर्जन करतात. ती रंगवलेली, शालवाली, ती सोडू आपण पेटोनीच्या समुद्रात. मामंजींची होती, त्यांचा मान ठेवून हळदकुंकू वाहून सोडू.

मृदुला: आणि छोटा फोटो?

आजी: तिला कशास परत समुद्रात लोटायची? शंभर वर्षं परक्याची शाल पांघरून बसली बिचारी. इथली असेल तर आता घरी आली. एखादी चौकट असेल ना गो घरात?

ओवी: माझ्या रूममध्ये आहे. नेटबॉल टीमचा फोटो आहे त्यात, तो काढते.

आजी: काढ. काच पुसून आण. आणि शेल्फवर उभी कर, भिंतीवर टांगू नको. अन्नपूर्णेच्या शेजारी. माझ्या आईनं लग्नात दिलेली तेवढीच एक आहे देव्हाऱ्यात, बाकी सगळे सासरचे.

मृदुला: आई, उद्याचं काय करायचं? सुनीता खीर घेऊन येणार आहे, प्रकाश पेटी आणणार आहेत. सगळ्यांना फोन करून नको सांगू का?

आजी: नको कशास? भूकंपातून वाचलेली माणसं, चार घास एकत्र जेवतील. पुरणही वाटून ठेवलंय मी. आरती मात्र नको. प्रकाशना म्हणावं, तुम्हाला येत असेल ते काहीही वाजवा. हिलाही ऐकायला बरं वाटेल, पियानो येत असो नसो.

ओवी: पण आजी, सगळे विचारतील ना? महाराज कुठे गेले, ही कोण? दार मीच उघडते नेहमी. मी काय सांगू?

आजी: खरं ते सांग.

ओवी: कुठलं खरं? आपल्याला काहीच नक्की माहीत नाहीये.

आजी: हो गो. तेही आहेच. मग असं कर. म्हणावं, आजीच्या माहेरची आहे.